अंगणाची बाग करण्याआधी जवळच्या नर्सरीत जावे

मा. संपादक यांस,
सविनय नमस्कार.

मे महिना सरत आला की पुण्यातल्या बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या फाटकांपुढे लाल मातीचे ढीग, पेव्हर ब्लॉकच्या थप्प्या आणि चादरीसारख्या गुंडाळलेल्या लॉनच्या गुंडाळ्या दिसू लागतात. पाऊस सुरू होण्याआधी बाग ‘करून घ्यायची’ असते आणि ती चार दिवसांत पुरी व्हायची असते. आमच्याही घरी तीन वर्षांपूर्वी हीच घाई झाली होती. त्या घाईत आम्ही काय गमावले आणि ते परत कसे मिळवत आहोत, हे आपल्या वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा पत्रप्रपंच. घराभोवतीची मोकळी जागा कशी राखायची हे ठरवताना फोटोंचे आल्बम दाखवणाऱ्या कंत्राटदाराच्या आधी आपल्या भागातल्या जुन्या नर्सरीवाल्याला विचारावे, आणि नर्सरीवाल्यांनीही रोपे विकण्याबरोबर हा सल्ला देणे आपले काम मानावे, एवढेच मला सांगायचे आहे.

मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका आहे. कोथरूडला आमचे चाळीस वर्षांपूर्वी बांधलेले बैठे घर असून त्याभोवती सुमारे हजार चौरस फूट मोकळी जागा आहे. माझ्या सासूबाईंनी तिथे कसलाही आराखडा न आखता, कुणाकडून फांदी तर कुणाकडून बी आणून झाडे लावली होती. फाटकाशी पारिजातक, स्वयंपाकघराच्या सांडपाण्यावर अळू आणि कर्दळ, मागच्या भिंतीलगत कढीपत्ता, एका कोपऱ्यात अनंत आणि कुंपणाच्या कडेने कोरांटी. हिवाळ्यात कोरांटी जांभळी होऊन जायची. त्या बागेत पसारा होता हे मी मान्य करते. पालापाचोळा साचायचा, पावसाळ्यात चिखल व्हायचा आणि पाहुणे आले की बसायला धड जागा नसायची. घराच्या दुरुस्तीचे काम निघाले तेव्हा बाहेरही ‘नीट करून घेऊ’ असे सर्वांनुमते ठरले आणि त्या ठरवण्यात मीही होते.

कंत्राटदाराने चार दिवसांत सारे चित्र पालटले. पुढच्या अंगणात सहाशे चौरस फुटांवर लॉन, फाटकापासून दारापर्यंत सिमेंटात घट्ट बसवलेले पेव्हर ब्लॉक, कुंपणाला कोनोकार्पसची रांग, वाटेच्या कडेने पिवळट पानांचा डुरांटा आणि दर्शनी भागात तीन फॉक्सटेल पाम. कोरांटी खणून काढली, अनंत गेला. पारिजातक वाचला तो माझ्या यजमानांनी ऐनवेळी हरकत घेतली म्हणून. (इथेच नमूद करते की, १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण कायद्यानुसार स्वतःच्या अंगणातले झाड तोडण्यासाठीसुद्धा वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते, ही गोष्ट बाग करून देणारे आपण होऊन क्वचितच सांगतात.) पहिले तीन महिने बाग फोटोत शोभेल अशी दिसत होती, हेही खरे.

त्यानंतरचा उन्हाळा आला आणि हिशोब सुरू झाला. लॉनला उन्हाळ्यात एका चौरस मीटरमागे दिवसाला साधारण पाच लिटर पाणी द्यावे लागते. आमची सहाशे चौरस फूट म्हणजे सुमारे छप्पन्न चौरस मीटर जागा दिवसाला २८० लिटर पाणी पिऊ लागली. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी हे सरकारी प्रमाण धरले जाते. म्हणजे आमच्या दोघांच्या वाट्याच्या पाण्याहून अधिक पाणी जिच्यावर आम्ही चालतही नव्हतो त्या हिरवळीला लागत होते. ज्या भागात पाणीकपातीच्या दिवसांत टँकरच्या रांगा लागतात, तिथे सकाळी नळी धरून उभे राहताना मला संकोच वाटू लागला. एवढे करूनही मे महिन्यात लॉन पिवळे पडले, त्यातून लव्हाळ्याचे कोंब वर आले आणि माळ्याने तणनाशक मारू का, असे विचारले. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला त्या रात्री पेव्हर ब्लॉकवरून वाहत आलेले पाणी थेट जोत्याशी साचले, कारण उतार घराकडे दिला गेला होता. बैठकीच्या भिंतीला गुडघ्याइतकी ओल चढली. कंत्राटदाराने पुढे फोन घेतला नाही.

पण मला सर्वांत जास्त लागले ते वेगळेच. आमच्या अंगणात शिंपी पक्षी कर्दळीची पाने शिवून घरटे करत असे, कोरांटीवर शिंजीर येत, कढीपत्त्याभोवती फुलपाखरे घिरट्या घालत. त्या वर्षी यातले काही दिसले नाही. फॉक्सटेल पाम मूळचा ऑस्ट्रेलियातला, डुरांटा अमेरिका खंडाकडचा आणि कोनोकार्पसही परदेशातलाच. त्यांच्या पानांवर आपल्याकडच्या फारच थोड्या किड्यामुंग्यांचे पोट भरते, आणि किडा नसेल तर पिलांना भरवायला पक्ष्याने तरी काय आणायचे? बाग हिरवीगार असूनही तिथे आवाज नव्हता.

आमच्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर एक जुनी नर्सरी आहे. हिरव्या जाळीच्या छपराखाली काळ्या पिशव्यांतली रोपे, शेणखताचा ढीग, पाण्याची टाकी आणि एक लाकडी बाकडे एवढाच तिचा थाट. मी तिथे लॉनवर मारायचे औषध मागायला गेले होते. चालवणारे काका सत्तरीचे असावेत. त्यांनी औषध दिले नाही. ‘ताई, औषध कशाला मारायचं ते आधी जमिनीला विचारू,’ असे म्हणून ते दुसऱ्या दिवशी सकाळी पहार आणि कुदळ घेऊन घरी आले. लॉनचा एक हातभर तुकडा त्यांनी अलगद उचलून बाजूला ठेवला आणि कुदळ मारली. चार इंचांवर खण्ण असा आवाज आला. लाल मातीचा तेवढा थर संपला आणि खाली राडारोडा लागला: विटांचे तुकडे, जुन्या फरशीच्या कपच्या, गिलाव्याची ढेकळे आणि एक अर्धी कुजलेली सिमेंटची गोणी. आमच्याच घराच्या दुरुस्तीतून निघालेला राडारोडा उचलून न्यायचा खर्च वाचवण्यासाठी अंगणात पसरून, वर माती टाकून त्यावर गवत अंथरले गेले होते. काकांनी त्याखालची मूळची काळी माती बोटांत चुरगळून पाहिली, तिचा वास घेतला आणि म्हणाले, ‘जमीन चांगली आहे. तिच्या अंगावरचं ओझं तेवढं काढा.’

त्यानंतर त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. दुपारी तीन वाजता ऊन अंगणात कुठपर्यंत येते, गच्चीवरचे पावसाचे पाणी कुठे उतरते आणि घरात झाडांना रोज पाणी घालणारे माणूस कोण? आल्बम दाखवणाऱ्याने यांपैकी एकही प्रश्न विचारला नव्हता. त्याने फक्त खर्चाची मर्यादा विचारली होती. भूगोल शिकवण्यात माझा सारा जन्म गेला, उतार, माती, वारा, ऊन यांवर मी शेकडो तास घेतले, आणि स्वतःच्या अंगणाच्या बाबतीत यांतली एकही गोष्ट मी विचारात घेतली नव्हती याची मला त्या सकाळी मनापासून लाज वाटली.

पश्चिमेच्या उन्हाचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. आमच्या बैठकीची खिडकी पश्चिमेला आहे आणि एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर तिथे बसवत नाही. मला तिथे बहावा लावायचा होता. त्याची पिवळी झुंबरे कुणाला आवडत नाहीत? काकांनी मला थांबवले. बहावा फुलतो तो पाने झडल्यावर, ऐन उन्हाळ्यात, म्हणजे सावलीची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच तो विरळ होतो. त्यांनी पश्चिमेला बकुळ सुचवली, कारण ती बारा महिने हिरवी असते, सावकाश वाढते आणि तिचा घेर आटोपशीर राहतो. बहाव्याला उत्तरेच्या मोकळ्या कोपऱ्यात जागा दिली. सीता अशोकही मी मागितला होता. पण त्याला सावली आणि ओलावा हवा, तुमच्या तापलेल्या भिंतीशी तो रडत राहील, असे सांगून ते रोप त्यांनी मला विकलेच नाही. समोरचे गिऱ्हाईक पैसे काढून उभे असताना ‘हे तुमच्या जागेला नको’ असे सांगणारा दुकानदार दुर्मीळ असतो, म्हणून ही गोष्ट मी मुद्दाम लिहिते.

रोपे न्यायची घाईही त्यांनी करू दिली नाही. ‘मृग लागू द्या, पाऊस जमिनीत मुरू द्या, मग न्या,’ एवढेच त्यांचे म्हणणे. तोवर दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डे घेऊन ते उन्हात तापू द्यायला सांगितले. राडारोडा दोन छोट्या टेम्पोंतून गेला. लागवडीच्या दिवशी त्यांनी पिशवी ब्लेडने उभी चिरून मला मुळे दाखवली. बाहेरून येणाऱ्या बऱ्याच रोपांच्या मुळांशी चिकण मातीचा घट्ट गोळा असतो, आणि पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाची मुळे गोल गोल गुंडाळून वेटोळे करून बसलेली असतात. तो गोळा हलक्या हाताने न सोडवता रोप तसेच खड्ड्यात ठेवले, तर वरून कितीही पाणी घाला, ते गोळ्याच्या बाहेरून निघून जाते आणि रोप दोन महिन्यांत माना टाकते. आपण मात्र ‘रोपच खराब होते’ किंवा ‘आमच्या हाताला गुण नाही’ असे म्हणून मोकळे होतो. माझ्या हाताने आजवर अशी कितीतरी रोपे गेली असतील, हे मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळले.

बसण्याच्या जागेबद्दलही लिहायला हवे, कारण अंगण झाडांइतकेच माणसांसाठी असते. आम्ही पेव्हर ब्लॉक उखडून तिथे शहाबादी फरशा वाळूवर बसवल्या आणि दोन फरशांमध्ये दोन बोटांची फट ठेवली. फटींतून हरळी आली, पाऊस तिथेच मुरतो आणि उतार आता कुंपणाच्या बाजूला आहे. गच्चीचे पाणी पन्हळीतून एका शोषखड्ड्यात सोडले आहे. आमच्या सुमारे नऊशे चौरस फुटांच्या गच्चीवर २५ मिलिमीटर पाऊस झाला तर दोन हजार लिटरच्या आसपास पाणी उतरते. ते पूर्वी जोत्याशी आणि तिथून रस्त्यावर जात होते. भिंतीची ओल यंदा आली नाही. पारिजातकाजवळ विटांचा एक बुटका ओटा बांधला. कोजागिरीला त्या ओट्यावर आणि भोवती सतरंज्या टाकून आळीतली पंचवीस-तीस माणसे बसली होती, दूध आटेपर्यंत गप्पा चालल्या होत्या. लॉन होते तेव्हा आम्ही मुलांना त्यावर पाय ठेवू नका म्हणून ओरडत असू.

झाडे देशी की विदेशी या वादात मला टोकाची भूमिका घ्यायची नाही. दसऱ्याला ज्याच्यावाचून तोरण होत नाही तो झेंडू आणि लग्नातल्या हारांचा निशिगंध हे दोन्ही मूळचे मेक्सिकोचे. गुलबक्षी अमेरिका खंडातली आणि ज्याच्या जाण्याची मला सर्वांत जास्त हळहळ वाटली तो सासूबाईंचा अनंत चीनकडचा. ही झाडे इथे रुळली, आपल्या सणावारांत आली आणि त्यांनी कुणाचे काही बिघडवले नाही. प्रश्न झाड कुठून आले याहून ते इथे कसे वागते याचा आहे. त्याला पाणी किती लागते, त्याची मुळे काय करतात आणि त्याच्यावर इथल्या जिवांचे काही भागते का, या तीन गोष्टींवर त्याची परीक्षा व्हावी. कोनोकार्पस त्या परीक्षेत उतरत नाही. त्याच्या परागकणांमुळे सर्दी, खोकला, दमा आणि ॲलर्जीचा त्रास होतो आणि त्याची मुळे जमिनीखालच्या केबल व सांडपाण्याच्या वाहिन्यांचे नुकसान करतात, अशी कारणे देऊन गुजरातच्या वन विभागाने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. तेलंगणातही त्याआधी असेच पाऊल उचलले गेले होते. आपल्याकडे मात्र लवकर वाढते आणि जनावरे खात नाहीत या गुणांवर ते अजून सोसायट्यांच्या कुंपणाला लावले जाते. जनावर तोंड लावत नाही, ही शिफारस समजावी की इशारा, याचा विचार व्हावा. आमच्या कुंपणावर आता पुन्हा कोरांटी आहे, मध्ये मध्ये मेंदी, आणि मागच्या बाजूला करवंदाची काटेरी जाळी.

गेल्या श्रावणात लिंबाच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसणारे काळे-पांढरे ठिपके दिसले. मी कीड समजून पाने तोडायला निघाले होते. जवळून पाहिले तेव्हा ते ठिपके हळूहळू पान कुरतडत होते. काकांना फोटो पाठवला. त्यांनी ‘हात लावू नका, पाहुणे आहेत’ एवढेच उत्तर दिले. आठवड्याभरात अळ्या मोठ्या होऊन पानासारख्या हिरव्या झाल्या. माझ्या नातवाने एकीला गवताच्या काडीने स्पर्श केला तर तिने डोक्यामागून दुभंगलेले तांबूस शिंग बाहेर काढले आणि एक उग्र वास सुटला. तो दचकून मागे सरला आणि मग दिवसभर तेच सर्वांना सांगत होता. लिंबू, कढीपत्ता, बेल यांच्या कुळातल्या झाडांवर अशी फुलपाखरे वाढतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेला नीलवंतही त्यांतलाच. आपले राज्यपुष्प ताम्हण. पण आमच्या रस्त्यावरच्या तीस घरांपैकी एकाही अंगणात गेल्या वर्षीपर्यंत ताम्हण नव्हता, हे मी स्वतः फिरून पाहिले आहे.

नर्सरीवाल्यांची बाजूही मांडली पाहिजे. पुणे परिसरातल्या बहुतेक छोट्या नर्सऱ्या सोलापूर रस्त्यावरच्या सोरतापवाडी, उरुळी कांचन या पट्ट्यातून घाऊक माल आणतात. बराच माल आंध्रातल्या कडियमहूनही येतो. गिऱ्हाईक मोबाईलवरचा फोटो पुढे करून ‘असेच हवे’ म्हणते तेव्हा त्यांनी ताम्हण आणि कुडा ठेवून करायचे काय? काकांनी मला सांगितले की, देशी झाडांची रोपे विकली न जाता पिशवीत दोन-दोन वर्षे पडून राहतात, म्हणून ते ती थोडीच ठेवतात. त्यातच शहरातल्या जागांचे भाव असे की, रस्त्यालगतच्या नर्सऱ्या एकामागून एक उठत आहेत. जिथे मागणी करणाऱ्याला नाव माहीत नाही तिथे पुरवणाऱ्याने ती वस्तू का ठेवावी, हा त्यांचा सवाल योग्य आहे. म्हणून पहिली जबाबदारी आपल्यासारख्या गिऱ्हाइकांची आहे: नर्सरीत जाऊन नाव घेऊन मागावे, नसेल तर सांगून ठेवावे आणि सांगितलेले रोप आले की ते न्यावे.

तरीही नर्सरीवाल्यांकडून एक अपेक्षा आहे. औषधाच्या बाटलीवर काय आहे ते छापलेले असते. दहा रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावरही असते. वीस-पंचवीस वर्षे आपल्या दारात उभ्या राहणाऱ्या झाडाच्या पिशवीवर मात्र काहीच नसते. फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी आपल्या राज्यात १९६९ पासून कायदा आहे, त्यामुळे आंब्या-चिकूच्या कलमांबाबत काही शिस्त तरी आहे. शोभेच्या झाडांना ती नाही. प्रत्येक रोपाला एक साधी मराठी पट्टी लावली, तिच्यावर झाडाचे नाव, पूर्ण वाढल्यावरची उंची आणि घेर, ऊन किती हवे, पाणी किती लागते आणि ते मूळचे कुठले एवढे लिहिले, तरी निम्म्या चुका टळतील. दोन फुटांचा वड कुंडीत गोजिरवाणा दिसतो. तो भिंतीपासून चार फुटांवर लावणाऱ्याला पुढे काय होणार आहे हे सांगायला तिथे कुणीतरी हवे.

सोसायट्यांच्या कार्यकारिणींनाही विनंती आहे. बागेचे एकरकमी कंत्राट देण्याऐवजी परिसरातल्या नर्सरीशी वर्षभराचा करार करावा आणि त्यातले निदान अर्धे पैसे झाडे जगल्यावर द्यावेत. लावून जाणाऱ्याचा आणि जगवणाऱ्याचा हिशोब एकच असला की झाडाची निवडही आपोआप शहाणपणाने होते. झाडांच्या बुंध्यांपर्यंत सिमेंट आणि पेव्हर आणू नयेत. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच झाडांभोवतीचे एक मीटरच्या आतले काँक्रीट काढायला लावले होते, तेवढे आळे आपल्या आवारात आपण स्वतःहून ठेवू शकतो. झाडलेला पाला जाळू नये, तो झाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून पसरावा किंवा खड्ड्यात कुजवावा. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकरांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून घरातला ओला कचरा आणि पालापाचोळा यांच्यावर गच्चीतसुद्धा भाजीपाला पिकवण्याचे धडे साध्या माणसांना दिले. त्या ज्ञानाला आज कसलीही नवी यंत्रे लागत नाहीत. आणि जो माळी सायकलवरून सकाळी सहाला येतो, त्याला खुरपे चालवण्यापुरते न धरता त्याला ठाऊक असलेले विचारावे आणि त्याचा मोबदला त्या मानाने द्यावा. कुंड्यांखालच्या बशांतले पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाकण्याचे काम तरी घरातल्यांनी स्वतः करावे, कारण डेंग्यूचा डास तिथेच वाढतो.

महानगरपालिका सौर ऊर्जा, पर्जन्यजल संधारण आणि गांडूळखत यांसाठी मिळकत करात पाच ते दहा टक्क्यांची सवलत देते, ही चांगली योजना आहे. त्याच धर्तीवर, ज्या मिळकतीने आपल्या मोकळ्या जागेपैकी ठरावीक भाग सिमेंटाविना, पाणी मुरेल असा राखला आहे तिचाही विचार व्हावा. एम्प्रेस गार्डनमध्ये दर जानेवारीत भरणारे पुष्पप्रदर्शन पाहायला पुणेकर गर्दी करतात. तसाच एक छोटा रोपांचा बाजार पालिकेच्या उद्यानांमधून रोहिणी आणि मृगाच्या दिवसांत भरवावा, त्यात जवळच्या नर्सरीवाल्यांना विनाशुल्क जागा द्यावी आणि देशी रोपांची मागणी आधी नोंदवून घ्यावी, म्हणजे त्यांची रोपे पिशवीत पडून राहणार नाहीत. गणेशखिंडीतले उद्यान २०२० मध्ये राज्य सरकारने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. शहराच्या मध्यात असा ठेवा असताना आपल्या मुलांना पळस आणि पांगारा ओळखता येऊ नये, ही माझ्यासारख्या शिक्षिकेला अस्वस्थ करणारी गोष्ट आहे.

आमच्या रस्त्यावरच्या अकरा घरांनी यंदा एकत्र येऊन काकांकडे आगाऊ पैसे भरून ताम्हण, बकुळ, कांचन, कुडा आणि सोनचाफा यांची रोपे सांगून ठेवली आहेत. प्रत्येक घराचे अंगण पाहून कोणते झाड कुठे लावायचे ते काकांनी एका शाळकरी वहीत लिहून दिले आहे; एका घराला त्यांनी जागा लहान म्हणून झाड न देता मोगरा आणि अबोली दिली. आपल्या दैनिकास विनंती आहे की, मृगापासून हस्तापर्यंत आठवड्यातून एक दिवस थोडी जागा या विषयाला द्यावी. त्या त्या आठवड्यात काय लावावे, कोणत्या जमिनीत लावावे आणि ते रोप शहरातल्या कोणत्या नर्सरीत मिळेल, एवढे छापले तरी पुरे. आमची अकरा घरांची वही छपाईसाठी हवी असल्यास आम्ही आनंदाने देऊ.

आपली विश्वासू,
एक वाचक
कोथरूड, पुणे